ज्या घरी उतरलो तिथंच

पप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग जात नाय. आज चिकलठाण्याच्या आमच्या बिल्डिंगीत टँकर आला नाय, बायका खाली भांडत होत्या, आणि मला कन्नड तालुक्यातलं ते मेंढ्या राखणाऱ्यांचं घर आठवलं. दुष्काळाचं साल. येशूनं शिष्यांना दोघं-दोघं पाठवलं, म्हणून तुम्हीही सुवार्ता सांगायला दोघंच जायचात. तुमचा जोडीदार कंपनीत लागला, त्याच्या जागी मला नेलंत, एकोणीस वर्षांच्या पोरीला. झोळी नाय, भाकरी नाय, अंगावरच्या कपड्यांनिशी. का, तर शास्त्रात तसं लिहिलंय.

त्या घरच्या बाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि तुम्ही तिथंच मुक्काम टाकलात. तिसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी आली. "बाबा, उद्या आमच्याकडं जेवा, परवा पल्याडच्या घरी. पाळी लावू. हिला सातवा सरत आलाय, कितीक खेपा करंल?" किती सरळ बोलली हो ती. आणि तुम्ही हसून म्हणालात, "ज्या घरी उतरलो तिथंच राहायचं. घरं बदलायची नाहीत, प्रभूची आज्ञा आहे." अहो, ती आज्ञा चांगलं ताट शोधत हिंडू नये म्हणून होती. तुम्ही ती पोटुशीच्या डोक्यावर दिलीत.

आठ दिवस राहिलो आपण. रोज आपल्यापायी तिच्या विहिरीच्या खेपा वाढल्या. सातव्या दिवशी ती विहिरीच्या पायरीवरून पडली. बायांनी धरून घरी आणली. तुम्ही तिच्या कपाळाला तेल लावलंत, प्रार्थना केलीत, ती उठली. मग वर्षानुवर्षं उपासनेत साक्ष देत राहिलात, प्रभूनं तिला उठवलं म्हणून. पप्पा, ती तुमचा मान राखायला उठली. ओठ दाबून उठली, मी बघत होते. लई चीड येते मला त्या साक्षीची. तिचं पुढं काय झालं, बाळ जगलं का, हे विचारायला तुम्ही परत कधी गेला नाहीत.

मीही गेले नाही.

हे कुणाला पाठवायचं नाय, म्हणून लिहिते. त्या सकाळी तिनं लागेल तेवढं पाणी आणलं होतं. पडली ती खेप जास्तीची होती. मला केस धुवायचे होते, मीच तिला म्हणाले, आणखी एक घागर आणता का.