आवाज तिचाच हाय

प्रिय विनयदादा,
जय ख्रिस्त.

आईवरच्या पुस्तकावर सह्या करायला मंठ्याला जाऊ नकोस, असं तू बजावलं होतंस. तरी मी गेले. वाचनालयात माणसं प्रेमानं भेटत होती, पण एकजण दारात उभा राहून माझाच व्हिडिओ काढत होता. पुस्तक घेईना की पुढे येईना. 'धर्म बदलवता का' म्हणत येणाऱ्यांतलाच असणार, असं वाटून माझी सही वाकडी यायला लागली.

शेवटी तो टेबलाशी आला. "मॅडम, यातली नर्स खरी हाय का?"

मला त्यात डाव दिसला. मी म्हटलं, "नाही, ती गोष्ट आहे."

त्याचा चेहरा पडला. "पेपरात आलेलं वाचून दाखवलं, तर माय म्हणती, बिलकुल खरी हाय. माझ्या जन्माच्या टायमाला मिशनच्या दवाखान्यात ती नर्स मायजवळ बसून बोलत राह्यल्ती. माय आता अंथरुणावरच असती. तिला दाखवायला व्हिडिओ काढून राह्यलो."

"ती माझी आई," मी म्हणाले.

त्यानं तिथंच मायला व्हिडिओ कॉल लावला. मी नमस्कार केला, तब्येत विचारली. म्हातारीनं डोळे मिटले. "बोलत राहा बाई. आवाज तिचाच हाय."

दादा, माझा आवाज आईसारखा आहे, हे तू मला कधीच सांगितलं नाहीस.

हे पत्र मी पाठवणार नाही. तू एवढंच विचारशील, की तो व्हिडिओ आता कुणाकुणाकडे गेला असेल. खरं सांगते, ते माझ्याही मनातून गेलेलं नाही.

तुझी,
ज्योत्स्ना