मोहरीचं कस्टर्ड

लीड्स,
२१ मार्च १९७१

तीर्थरूप आईंना,

धाकट्या सुनेचा इतक्या लांबून का होईना, पण वाकून नमस्कार. आम्ही दोघं मजेत आहोत. ह्यांना सर्दी आहे, पण या गावात सर्दी नसलेल्या माणसाकडेच लोक काळजीने बघतात. इथल्या पोस्टाचा संप सात आठवडे चालला, त्यामुळे भाऊजींचं जानेवारीतलं पत्र परवा हातात पडलं. अनुराधाच्या लग्नानंतरच्या पूजेला प्रसादाच्या शिऱ्यात साखरेऐवजी मीठ पडलं, व्याह्यांपुढे शोभा झाली, आणि तेव्हापासून तुम्हाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाहीत, हे वाचलं. तुम्ही दिवसभर खोलीत बसून असता, कुणाशी धड बोलत नाही, हेही वाचलं. आई, मला फार वाईट वाटलं. डोळे गेले तरी हाताच्या अंदाजावर तुम्ही दोन वर्षं घराला जेवू घातलंत. (उल्कावहिनी, तुम्ही हे आईंना वाचून दाखवत असणार. हेही वाचा. गाळायचं ते कुठलं, ते मी तळाशी सांगते.)

आता माझे पराक्रम ऐका. डिसेंबरात अनुराधाचं लग्न आटोपून तिकडून परत आल्यावर मला इथे करमेना. मी खिडकीशी बसून मुळुमुळु रडते हे बघून ह्यांनी मला गावाबाहेरच्या अंध मुलींच्या शाळेत दर बुधवारी मदतीला पाठवायचं ठरवलं. (डॉक्टर माणूस, बायकोलाही औषध लिहून देतो.) मी अर्थात त्या बिचाऱ्या मुलींचा उद्धार करायलाच निघाले होते. पहिल्या दिवशी डोरीन नावाच्या सतरा वर्षांच्या मुलीशेजारी मला बसवलं. तिने खूप विचारलं, मी कुठली, इथे थंडी सोसते का, मुलं आहेत का. मी आपली प्रत्येक प्रश्नाला छान मान डोलावत होते. शेवटी तिने बाईंना हाक मारून विचारलं की ती इंडियन लेडी गेली का. दुसऱ्या बुधवारी मला जेवण वाढायला दिलं. आपल्याकडे पान रिकामं दिसलं की हात शिवशिवतो, तुम्हीच लावलेली सवय. डोरीनने बशीतली खीर संपवली, की मी गुपचूप डाव ओतायची. (ते लोक तिला राइस पुडिंग म्हणतात, वेलदोडा नाही, काही नाही.) बशीतलं टाकायचं नाही अशी तिला शिस्त, आणि वाढणाऱ्याने आवाज दिल्याशिवाय वाढायचं नाही अशी शाळेची. तिने पाच वेळा संपवली आणि संध्याकाळी तिला पोटात कळ येऊन झोपवावं लागलं. तरी मला वाटत होतं, मी माया करते आहे.

पण खरा कहर केला तो फेब्रुवारीत. मुलींच्या स्वयंपाकघरातली फळी बघून माझा जीव वर-खाली व्हायचा. उंच डब्याशेजारी बुटका, त्याच्यापुढे बाटली, आणि प्रत्येक डब्यावर ठिपके उठवलेली मळकी कागदी पट्टी. एका बुधवारी मी पदर खोचला. सगळे डबे उतरवले, गरम पाण्याने घासून त्या पट्ट्या खरवडून काढल्या, आणि डबे उंचीप्रमाणे असे लावले, की तुमच्या माहेरच्यांनीसुद्धा वाहवा केली असती. त्या पट्ट्या म्हणजे मुलींची अक्षरं होती हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी डोरीनची परीक्षा होती. पास झाली तर तिला स्वतःची खोली घेऊन एकटीला राहायची परवानगी मिळणार होती; नापास, तर आणखी एक वर्ष वसतिगृह. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बाई तपासायला आल्या होत्या. डोरीनने सफरचंदाचा ‘पाय’ केला (सारण भरून भट्टीत भाजलेली जाड पोळीच म्हणा), त्यावर कस्टर्ड घातलं, म्हणजे दुधात पिवळी पूड शिजवून केलेली गोड खळ. नेहमीच्या जागेवरून कस्टर्डचा डबा घेतला, तो निघाला मोहरीच्या पुडीचा. सर्दीने तिला वासही आला नाही. परीक्षक बाईंनी भला मोठा चमचा तोंडात घातला, आणि त्यांच्या डोळ्यांतून जे पाणी आलं, ते कौतुकाचं नव्हतं.

पुढच्या बुधवारी मला हे कळलं. डोरीनला नापास केलं होतं. एकटीला स्वयंपाक झेपत नाही, असा शेरा. मी तिच्यापुढे हुंदके देत माफी मागितली, चॉकलेटचा डबा पुढे केला, आमच्याकडे महिनाभर राहायला ये म्हटलं. 

“मिसेस दामले, चॉकलेट मी घेते,” ती म्हणाली. “पण माझा हात चुकला नव्हता. तेवढं कौन्सिलमध्ये जाऊन सांगाल का?”

गेले. अर्धा तास माझ्या इंग्रजीत त्या बाईंना सांगितलं की मोहरी मी केली. शेरा खोडला, परीक्षा परत झाली, आणि डोरीन पास झाली. आता तिच्या खोलीवर मला चहाचं बोलावणं आहे, आणि काही आवरायचं नाही अशी अट आहे.

भाऊजींना नमस्कार, अनुराधाला आशीर्वाद.

तुमची,
सुमेधा

ता. क. वहिनी, एवढं मनातल्या मनात वाचा. रोज सकाळी तासभर आईंना स्वयंपाकघर मोकळं करून द्या. कुठला डबा कुठे, ते त्याच ठरवतील. नंतर एकही हलवू नका. हवं तर दारात उभ्या राहा, पण विचारल्याशिवाय हातात काही देऊ नका. घर सगळं तुम्ही ओढता आणि मी लांब बसून शहाणपण शिकवते, असं वाटेल. वाटलं तर मला चांगलं खरमरीत पत्र लिहा, पण आईंना शेगडीपाशी जाऊ द्या.

ता. क. दुसरा. हे मात्र मोठ्याने, भाऊजी घरात असताना वाचा. आई, आम्ही विमानाला निघायच्या आदल्या दुपारी तुम्ही जरा आडव्या झाला होतात. जाता जाता सासूबाईंची सेवा म्हणून मी तुमची फळी पुसली आणि डबे उंचीप्रमाणे लावले. साखरेच्या जागेवर मीठ मी ठेवलं. कुणाला सांगायचं मला सुचलंसुद्धा नाही, आणि दोन दिवसांनी पूजा होती. परवा भाऊजींचं पत्र वाचलं तेव्हा मला समजलं. तो शिरा मी बिघडवला, आई. तुमचा हात बरोबर जागी गेला होता.