जाळीपंगत

सोमवार, ५ फेब्रुवारी

नातीनं आज मला कामाला लावलं! कॉलेजात तिला शब्द गोळा करायचेत म्हणे. माणसं मिळून जेवतात, त्याचे. "आजी, तुला येत असतील ना?" असतील म्हणजे? माझी शाळा चौथीत सुटली, पण जेवायला काय शाळा लागते? सुरूच झाले. जेवणावळ म्हणजे आचारी, ही मोठाली पातेली, घामाघूम वाढपी, आणि यजमानाच्या पोटात गोळा — पुरेल ना सगळ्यांना? पंगतीत ओळीनं बसायचं, शेजारच्याचं होईस्तोवर उठायचं नाही, मग पायाला मुंग्या का येईनात. मेजवानीत कुणीतरी एक खूश करायचा असतो, बाकीचे आपले उगाच जेवतात. अंगतपंगत माझी लाडकी! ज्यानं त्यानं आपापलं आणायचं आणि दुसऱ्याच्याच डब्यात हात घालायचा.

नात हसत लिहून घेत होती. मग म्हणाली, "आणि आपण घरी जेवतो, त्याला काय म्हणायचं?"

मुलगा टीव्हीपुढे, सून ओट्यापाशी उभ्यानंच मोबाइल बघत, नात आपल्या खोलीत, मी टेबलाशी. म्हटलं, "त्याला उरकणं म्हणतात, बाई."

मंगळवार, ६

सगळे गेले. जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लागलं — खट्ट!

मागे मी दूध गॅसवर ठेवून खाली भाजीवालीशी बोलत बसले होते. दुधाचा कोळसा, जिन्यात धूर, सगळी बिल्डिंग गोळा. तेव्हापासून हे. आता गॅसही बंद करून जातात, जेवण झाकून ठेवतात. मुलगा म्हणतो, "आई, काळजीपोटी करतो गं." काळजीच आहे, मला काय कळत नाही? पण दिवसभर त्या काळजीत बसून बसून अंग आंबतं. हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये. गॅलरीतून काय दिसतं? पाण्याची टाकी! तिच्यावर कावळा बसला की मला पाहुणा आल्यासारखं होतं.

बुधवार, ७

मज्जा झाली! लाकडी दार आतून उघडून जाळीपाशी खुर्ची टाकून बसले होते. समोरची शिंपीणबाई दोरा तोडत बाहेर आली. "मावशी, जेवलात?" म्हटलं, "एकटीला घास उतरत नाही गं." ती आत गेली, ताट घेऊन आली आणि जिन्यासमोर फरशीवर फतकल मारून बसली! मीही ताट घेऊन खाली बसले. गुडघे बोंबलले, बोंबलू देत.

जाळीतून ताट जात नाही, पण वाटी आडवी केली की जाते. भाजी सांडते थोडी. तिच्या भाजीत मीठ जास्त, सांगितलं तर म्हणते, "मावशी, फुकटचं खाता आणि नावं ठेवता!" किती दिवसांनी दोन घास जास्त गेले.

शुक्रवार, ९

आज वॉचमनही डबा घेऊन वर आला. गुपचूप हं, म्हणाला. आल्या आल्या माझं लोणचं संपवलं! शिंपीणबाई म्हणाली, "मावशी, तुमच्या नातीला सांगा, नवा शब्द सापडला — जाळीपंगत!" हसून हसून मला ठसका लागला.

नातीला सांगितलं नाही. सांगितलं तर घरात कळेल, आणि कळलं की संपलं.

मंगळवार, १३

संपलं. वॉचमननंच घोळ घातला. आज जाळीपंगत झाली नव्हती, शिंपीणबाई कापड आणायला गेली होती. त्यानं संध्याकाळी फाटकापाशी सुनेला मोठ्या आपुलकीनं विचारलं, "ताई, आजींची जाळीपंगत बंद झाली का?" तिला काही उमगेना. मग त्यानं सगळं इत्थंभूत सांगितलं. गुणाचा गं बाई!

सून वर आली ती रडवेली. "अहो आई, लोकांना वाटेल आम्ही तुम्हाला पिंजऱ्यात घालून खायला टाकतो!"

मी तिच्यापुढे पाणी ठेवलं.

मुलगा म्हणाला, "उद्यापासून लाकडी दारसुद्धा बंद ठेवायचं. शप्पथ आहे माझी."

बुधवार, १४

दार बंद. पलीकडे शिलाई मशीन चालू होतं, मग थांबलं. ती जेवत असणार.

मी गिळलं.

शुक्रवार, १६

शिंपीणबाईनं कडी वाजवली. उघडलं नाही. शप्पथ घातली आहे ना. आतूनच ओरडले, "झालं गं माझं!" झालं नव्हतं.

सोमवार, १९

भर दुपारी बेल. "आई, मी आहे." कारखान्यात वीज गेली म्हणून लवकर सोडलं. दार उघडलं तर जाळीपलीकडे मुलगा, हातात न उघडलेला डबा. खिसे चाचपतोय. सकाळी घाईत किल्ली घरीच राहिली, मागून सुनेनं तिच्या किल्लीनं कुलूप लावलं. "टीव्हीपाशी असेल, दे बरं."

होती की! रिमोटखाली. सकाळपासून तिथेच पडलेली आणि मला पत्ता नाही! हातात घेतली. केवढीशी ती. जाळीपाशी आले आणि काय झालं कुणास ठाऊक, हात पुढे होईना. कमरेला खोचली.

"आई?"

"आधी जेवू. बस."

"इथं? जिन्यात?"

"मग? मी नाही बसत?"

शिंपीणबाई दारात आली. त्याला वाटलं ती हसेल. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि आपलं ताट. तिघं बसलो. पोरगा कानाच्या पाळीपर्यंत लाल! वाटी आडवी करून दिली तर निम्मी भाजी त्याच्या कामावरच्या शर्टावर. तिची खारट भाजी मात्र दोनदा घेतली.

जेवून झाल्यावरही उठला नाही. कुलूप तळहातावर तोलत बसला. हळूच म्हणाला, "आई, आत काही झालं असतं तर मी इथून काय केलं असतं गं?"

मी किल्ली दिली. आत आला, शर्ट धुवायला टाकला, जाळीला आतून कुलूप लावून किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

मंगळवार, २०

सगळ्यांत शेवटी मुलगा निघाला. बाहेर गेला, जाळी ओढून घेतली, आणि तिथेच उभा. किल्ली मागेना. म्हणाला, "आई, आतून लावून घे."