फुकट वाजवण्याची परवानगी

पिकन क्रीक, ओक्लाहोमा
९ सप्टेंबर १९९६

ती. हॉरेसदादास,
लुएलाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या घशाचं ऑपरेशन नीट झालं आणि दोन महिने तोंडातून चकार शब्द काढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय, हे वहिनीकडून कळलं. जन्मभर तू बोललास आणि मी ऐकलं, आता जरा उलट होऊ दे! फोन नाही तर पत्र. वहिनी तुला आइस्क्रीम तरी खाऊ देते का, ते लिही.

आता माझी बातमी. इथल्या लष्करी छावणीच्या चर्चमध्ये दर रविवारी ऑर्गन वाजवायचं काम मला मिळालं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरात भिंती बघून कंटाळले होते. मला वाटलं, पाद्री म्हणतील या बाई, आणि मी जाऊन बसेन. कसलं काय! त्रेचाळीस पानांचं कंत्राट आलं, शेवटी कुणा मिसेस हॅचरची सही. मी म्हणे 'कंत्राटदार'. रस्ते बांधणारे, रणगाड्यांचे पट्टे पुरवणारे ते कंत्राटदार, आणि त्यांच्याच पंगतीला तुझी ही गुडघेदुखीवाली बहीण. तू तीस वर्षं सरकारचा कंत्राट अधिकारी होतास, अशा कागदांवर सह्या करून पोट भरलंस. तुला लाज कशी वाटली नाही रे?

एक कलम तर मी तीनदा वाचलं. मी सरकारची नोकर नाही, म्हणून काम कसं करायचं हे मला सरकारी माणसाने सांगायचं नाही. आता आमचे पाद्री एल्सवर्थ लष्करातले कॅप्टन, म्हणजे सरकारी माणूस. परवा मी एक स्तोत्र जरा जोरात पळवलं. बिचारे लगबगीने ऑर्गनपाशी आले, तोंड उघडलं, त्यांना ते कलम आठवलं, आणि आज हवा छान आहे म्हणून परत गेले. गानवृंदातली मर्लीन बोद्रो अशी फिस्कन हसली की पुढच्या रांगेतल्या कर्नलसाहेबांनी वळून पाहिलं. ही मर्लीन लुइझियानाची, बावीस वर्षांची, छावणीतली शिपाई, लष्कराचे ट्रक दुरुस्त करते, आणि खालच्या पट्टीत असं गाते की पोटात हलतं. दर बुधवारी संध्याकाळी मला घरी सोडते आणि वाटेत माझ्या वाजवण्याला नावं ठेवते.

बुधवार कुठून आला म्हणशील. पाद्री म्हणाले, बुधवारच्या प्रार्थनेलाही वाजवाल का? म्हटलं, वाजवीन की. पैसे नकोत. ठीक केलं ना?

वहिनीला गोड गोड. माझ्यावर जीव आहे तेवढा राहू दे, ओरडायला तर तुला आता मनाईच आहे.

तुझी,
लुएला


हॅम्प्टन, व्हर्जिनिया
१४ सप्टेंबर १९९६

चि. लुएलास,
हॉरेसचे अ. उ. आ.

ओरडायला मनाई आहे, लिहायला नाही. ठीक केलं नाहीस! तुझं पत्र वाचताना बुधवारपाशी आलो आणि घशातून असा आवाज निघाला की तुझी वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली. आइस्क्रीम मिळतं, पण ती समोर बसून मोजून देते.

नीट वाच. सरकारच्या घरात तोंडं हजार असतात, पण सरकारच्या वतीने शब्द देणारं माणूस एकच. ज्याच्या हाती सहीचा अधिकार, तो. तुझ्या कागदावर शेवटी कुणाची सही आहे? त्या मिसेस हॅचरची ना? मी पैज लावतो की तू त्यांचं तोंडही पाहिलं नाहीस. पाद्री असो, कर्नल असो, जनरल असो, त्यांनी सांगितलं आणि तू केलंस तर ते सरकारने सांगितलंच नाही. बाजारात दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला माणूस शब्द देतो आणि मालकाला तो पाळावा लागतो. इथे तसं नाही. समोरच्याला अधिकार आहे की नाही, हे तपासायचं काम तुझं.

तू म्हणशील, मी पैसे कुठे मागितले? अगं, तिथेच तर घोडं पेंड खातंय. सरकारला फुकटचं काम आपणहून घेता येत नाही. कायदाच आहे, शंभर वर्षांहून जुना. मलाही आधी हसू यायचं. मग नोकरीच्या सुरुवातीला एक प्रकरण आलं. एक म्हातारा एका कचेरीसमोरचं बर्फ दर हिवाळ्यात हौसेने उपसायचा. सगळे म्हणायचे देवमाणूस. तो वारला आणि महिन्याभरात जावई बिल घेऊन हजर! सासऱ्यांनी फुकट केलं हे कुणी सांगितलं, म्हणाला. कागद तर एकही नव्हता. वॉशिंग्टनच्या सभागृहाने मंजूर केल्याखेरीज सरकारला दमडी खर्च करता येत नाही, आणि फुकटचा उपकार म्हणजे न मंजूर झालेलं देणं. म्हणून तो दारातच अडवायचा.

तेव्हा लष्कराच्या भाकऱ्या भाजणं बंद कर. तुला आवडतील या भाकऱ्या, पण बंद. रुसू नकोस. त्या मर्लीनला सांग, तुझ्या वाजवण्याला नावं ठेवायचा पहिला मान माझा आहे.

आशीर्वाद तुला नेहमीचेच, पोचल्याचं तेवढं कळव.

हॉरेस


पिकन क्रीक
३० सप्टेंबर १९९६

ती. दादास,
शि. सा. न.

बुधवार बंद केला. रुसले, पण केला. पाद्रींना सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. मर्लीन म्हणाली की बाजाशिवाय गाताना चड्डीवर उभं राहिल्यासारखं वाटतं. त्यावर मी तिला झापलं.

दादा, मर्लीन गेली. सुट्टीवर घरी गेली होती, परत येताना टेक्ससच्या हद्दीत रस्त्यावर अपघात झाला. गेल्या मंगळवारी. मला पाद्रींनी घरी येऊन सांगितलं. मी भांडी घासत होते. त्यांना बसा म्हणायचंही मला सुचलं नाही.

दफन तिच्या गावी झालं. इथे तिच्या तुकडीतर्फे बारा ऑक्टोबरला, शनिवारी, स्मरणप्रार्थना आहे. आईवडील लुइझियानाहून येणार आहेत. आईने मला फोन केला. मर्लीन घरी गेली की तुमच्याबद्दलच बोलायची, म्हणाल्या, तुम्ही वाजवाल ना? मी हो म्हटलं. कुठली आई विचारील आणि मी कंत्राट बघून सांगते म्हणेन?

आणि त्याच दिवशी टपालात तुझ्या त्या मिसेस हॅचरचं पत्र! बुधवारचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार. रविवारच्या दोन प्रार्थनांखेरीज कुणाच्याही सांगण्यावरून काहीही वाजवल्यास तो कंत्राटाचा भंग धरला जाईल. शनिवार म्हणजे रविवार नव्हे, हे मलाही कळतं. रागाने माझं डोकं फुटायची वेळ आली. हा कसला कायदा रे, ज्याला माणूस मेल्याचंही कळत नाही?

मी वाजवणार. कंत्राट गेलं तर गेलं खड्ड्यात. मला फक्त सरळ सांग, ते मला काय करतील? घुमवून लिहू नकोस, माझ्यात तेवढा दम उरलेला नाही.

तुझी,
लुएला


हॅम्प्टन
४ ऑक्टोबर १९९६

चि. लुए,

आशीर्वाद नंतर. आधी तुला जवळ घेतो. पोर गेल्याचं वाचून तुझी वहिनी तडक स्वयंपाकघरात गेली. तिने तुला काहीतरी करून पाठवलंय, डबा वेगळ्या टपालाने येईल.

आता सरळ सांगतो. तुला ते फारसं काही करणार नाहीत. कंत्राट पुढच्या वर्षी देणार नाहीत, एवढंच. पण चौकशी लागेल ती एल्सवर्थची. अधिकार नसताना काम करून घेतलं, तेही लेखी ताकीद आल्यावर, हा ठपका त्या पोराच्या नोकरीवर कायमचा बसेल. तू रागाच्या भरात वाजवशील आणि भोगेल तो. हे तुला चालणार नाही, मी तुला ओळखतो.

पण ऐक. कायदा अडवतो तो न सांगता केलेला उपकार. आधीच लेखी दिलं, की हे मी फुकट करते आहे आणि पुढे कधीही, कुणीही, काहीही मागणार नाही, तर ते दान होतं, आणि दान घेता येतं. फरक फक्त आधी आणि नंतरचा आहे. तो जावई आठव. म्हाताऱ्याने आधी एक ओळ लिहून दिली असती तर प्रश्नच नव्हता. मिसेस हॅचर कंत्राटात शनिवार घालूही शकतील, पण सरकारचं नवं वर्ष ऑक्टोबरात सुरू होतं, त्याचे पैसे हातात यायला वेळ लागतो, तोवर बारा तारीख उलटून जाईल.

तेव्हा ऊठ, चांगला झगा घाल, आणि त्यांना जाऊन भेट. पत्र नको, फोन नको. लुए, त्या खुर्चीवर मी तीस वर्षं बसलो. माझ्याकडे लोक आले ते भांडायला, नाहीतर झाल्यावर निस्तरायला. आधी विचारायला माझ्या दारात क्वचितच कुणी आलं. आलं, की मला दिवसभर बरं वाटायचं. त्या बाई काही तुझ्या वैरी नाहीत.

जा, आणि मग लिही. इथे आम्ही दोघं तुझ्या पत्राकडे डोळे लावून आहोत.

हॉरेस


पिकन क्रीक
१३ ऑक्टोबर १९९६

ती. दादास,
लुएलाचा शि. सा. न. वि. वि.

गेले. मंगळवारी सकाळीच गेले. भांडायच्या तयारीनेच गेले होते, तुझ्यापासून काय लपवायचं. वाटेत चार टोमणे घोकून ठेवले होते. मिसेस हॅचर माझ्याच वयाच्या निघाल्या, सर्दीने नाक लाल, टेबलावर सुपाचा डबा. मी मर्लीनचं नाव घेतलं आणि टोमणे विसरले. सगळं सांगितलं. त्यांनी सुपाचा डबा बाजूला सारला. मग म्हणाल्या, स्मरणप्रार्थनेचं मला कुणी कळवलंच नव्हतं. आणि म्हणाल्या, बरं झालं आधी आलात. तू म्हणाला होतास तसंच. मला तुझा रागच आला.

छापील नमुना त्यांच्याकडे होता, पण त्यात एक जागा कोरी होती, तिथे काय करणार ते आपल्या हाताने लिहायचं. पेन दिलं. मी लिहिलं, मर्लीन बोद्रो हिच्या स्मरणप्रार्थनेत बारा ऑक्टोबरला ऑर्गन वाजवीन. खाली छापलेलं होतं की याबद्दल मी किंवा माझे वारस कधीही काहीही मागणार नाहीत. त्याखाली सही. त्यांनी सही केली, मी केली, आणि पाद्री एल्सवर्थना फोनवरून सांगितलं तर ते पलीकडून रडले, मला ऐकू आलं.

काल चर्च भरलं होतं. ट्रकवाली सगळी पोरं इस्त्रीच्या गणवेशात, हातांचं तेल तरीही गेलेलं नव्हतं. तिच्या आईने माझा हात धरला तो सोडेना. शेवटी तसाच सोडवून घेऊन ऑर्गनवर बसावं लागलं. चुका दोन केल्या. नावं ठेवायला कुणी नव्हतं. प्रार्थना झाल्यावर मिसेस हॅचर मागच्या बाकावर दिसल्या, मी तिथवर जाईपर्यंत निघून गेल्या होत्या.

दादा, तू इतकं समजावलंस, आता मला कळलंय तो कायदा कशासाठी आहे ते. देणारा म्हणतो काही नको, आणि मनात त्याला काहीतरी हवं असतं. सरकारला हे ठाऊक आहे म्हणून ते आधी लिहून घेतं. पण एक सांगते, तुझ्यापाशीच. पेन हातात धरून मी त्या ओळीवर अडले. मिसेस हॅचरना वाटलं मला चष्मा हवाय. कधीही काहीही मागणार नाही, असं लिहिलं होतं, आणि ते खोटं होतं रे. मला ती पोरगी परत हवी होती. तरी मी सही केली, कारण ती सरकारकडे मागायची नव्हती.

वहिनीच्या डब्यातलं सगळं संपलं. तुझ्या घशाला आराम पडू दे, मग मला फोन कर, आणि त्या दिवशी तू बोल, मी ऐकेन.

तुझीच,
लुएला