आईच्या आवाजाची वाटणी

कांचघर, जबलपूर
९ जून २०२४

प्रिय एकतास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तू माझा नंबर बंद केलास, म्हणून ही चिठ्ठी. आईच्या पुण्यानुमोदनाला सगळ्या नातलगांसमोर तू म्हणालीस, की दादाने माझ्या वाट्याला रिकामी डिस्क येऊ दिली आणि आईची गाणी स्वतःकडे ठेवली. बाई, माझ्या डिस्कवरही काही वाजत नाही!

आईच्या साड्या-भांडी बाबांनी दोघांत सारखी वाटली. त्याच हिशोबाने, मी कामावर असताना, आईची गाणी साठवलेल्या कॉम्प्युटरच्या डब्यातल्या दोन्ही डिस्क काढून एकेक दिली. दोन्हींत सगळी गाणी आहेत, असं मीच त्यांना ठोकून दिलं होतं. तो डबा घेताना दुकानदाराने विचारलं होतं, की भैया, दोन्हींत एकसारखं ठेवू की जागा जास्त पाहिजे. मी जागा मागितली. त्यामुळे प्रत्येक गाण्याचे अर्धे तुकडे एकीत, अर्धे दुसरीत आहेत. एकटी डिस्क मुकी. सांगायची लाज वाटते.

तुझी डिस्क घेऊन ये. दोन्ही बसवल्या की आई गाईल. बाबा रोज विचारून राहिलेत. कॉम्प्युटरने फॉरमॅट करू का विचारलं, तर हो म्हणू नकोस.

राग ठेव, पण लोभही असू दे.
तुझा दादा,
अश्वजीत


नागपूर
१७ जून

ती. दादास,
सविनय जयभीम.

कॉम्प्युटरने विचारलं होतं. मी रागात हो म्हटलं. रिकामीच तर आहे, म्हणून नणंदेच्या, चिन्मयीच्या, लग्नाचे व्हिडिओ तिच्यात काठोकाठ भरले. इथल्या दुकानात दाखवली. आता काही उरलं नाही म्हणाले. तुला चोर ठरवलं आणि आईला मीच पुसलं. बाबांना कोणत्या तोंडाने भेटू? त्यांना सांगू नकोस रे.

लोभ मागायचाही हक्क राहिला नाही.
तुझी एकता


कांचघर
२५ जून

प्रिय एकतास,
सप्रेम जयभीम.

बाबांना सांगितलं, माझ्या थापेसकट. म्हणाले, वाटणी तर मीच केली, पोरीवर काहून टाकून राहिला.

मग जेवताना ते आईचं पाळण्याचं गाणं आठवू लागले. शब्द आले, चाल येईना. मला विचारलं. मलाही येईना. जपून ठेवलं आहे, या भरवशावर मी ते कधी नीट ऐकलंच नव्हतं.

तुला येते का गं चाल?

वाट पाहणारा,
दादा