टिंबाच्या जागी काहीही

३ ऑगस्ट १९८८
वहिनीला आठवा लागला. डॉक्टरबाईंनी दादाला बसवून सांगितलं, वार खाली आहे, कधीही रक्त जायला लागेल. ओ निगेटिव्हचे दोन दाते बघून ठेवा. नाव मी काम करते त्याच दवाखान्यात घातलंय, रक्तदात्यांची फाईल माझ्या मशीनवर. सगळं घर माझ्याकडे बघायला लागलं. म्हटलं, कॉम्प्युटर काढून देईल. उगाच बोलले.

५ ऑगस्ट
O-ve शोधलं. एकही ओळ नाही. रक्तपेढीतले मुल्लाभाई म्हणाले, "असं कसं? हायत की. मी सोता बाटल्या भरल्यात." फाईल उघडून बघितली. टाईप करणाऱ्यांनी वाटेल तसं घातलंय. कुठे मध्ये जागा सोडलीय, कुठे NEG. म्हणून O.*ve दिलं. टिंब म्हणजे कुठलंही अक्षर, स्टार म्हणजे कितीही वेळा. जवळजवळ अख्खी फाईलच बाहेर. प्रत्येक पत्त्यात KOLHAPUR, त्यातला O धरून थेट ओळीच्या शेवटच्या ve पर्यंत, मग गट कुठलाही असो. प्रिंटर थांबेना.

६ ऑगस्ट
स्टार काढला. O.ve. थोडीच नावं. मी बघायच्या आत दादाने वरचं नाव उचललं, कुरुंदवाडला निरोप धाडला. गृहस्थ काम टाकून एसटीने आले. मुल्लाभाईंनी थेंब तपासला. "पावणं, तुमचं पॉझिटिव्ह हाय." कागदावर O+ve स्पष्ट दिसत होतं. अधिक काय, उणे काय, टिंबाला दोन्ही सारखंच. यादीतले सगळेच तसले. गृहस्थ "असू दे की" म्हणाले, चहा घेऊन गेले.

९ ऑगस्ट
आज नेमकं लिहिलं. O, मग कितीही मोकळ्या जागा, मग उणे. PLOT NO - वाले सगळे हजर. हातानेच वेचले. दोघं खरे. एक बदली होऊन पुण्याला. दुसरे उचगावचे दूधवाले, येतो म्हणाले. NEG वेगळं शोधलं तर एकच बाई, ती स्वतःच ओली बाळंतीण, तिचं रक्त कसं घेणार. वहिनीचा भाऊ राधानगरीहून आला, तपासला. पॉझिटिव्ह.

११ ऑगस्ट
बऱ्याच ओळींत नुसता O. पुढे काहीच नाही. अधिक नाही, उणे नाही. टाईपच केलेलं नाही त्याला काय शोधू. मुल्लाभाईंना मूळ कार्डं मागितली. "गेल्या पावसाळ्यात तळघरात पाणी शिरलं. लगदा झाला."
वहिनी विचारत होती, मिळाले का दोघं? एक मिळालाय, एवढंच सांगितलं.

१४ ऑगस्ट
सकाळी वहिनीला रक्त सुरू झालं. आत नेलं. उचगावचे दूधवाले सायकलवरून आले, किटल्या तशाच लटकत होत्या. त्यांची बाटली लागली. मुलगी झाली, बारकी, काचेच्या पेटीत ठेवलीय. वहिनीचं रक्त थांबेना. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, अजून एक लागेल.
नुसता O असलेल्यांतली जवळच्या गल्ल्यांतली नावं काढून दिली. दादा एकेकाला घेऊन येतोय. मुल्लाभाई थेंब बघतात, मान हलवतात. लोक हात पुसत परत जातात.
आई शेजारी बाकावर. "तुझ्या मशिनीत अजून नावं हायत न्हवं?"
"हायत," म्हटलं.