नाव न घेता लिहिलेल्या दोन ओळी

मी, विदोसावा, वय एकाहत्तर, शिवणकामावर पोट भरलेली, राहणार वाल्येवो, डोके ठिकाणावर असताना आणि कोणी कानाशी लागलेले नसताना हे लिहून ठेवते. साक्षीला शेजारीण कोसारा बसली आहे. तिचा फोन मी आधीच बाहेरच्या खोलीत ठेवायला लावला आहे.

कलम एक. शिवणयंत्र भाची नेदाला. तिला साधी टीप मारता येत नाही, पण ती फोनवर कोणाची उणीदुणी काढत नाही. एवढे पुष्कळ झाले.

कलम दोन. राहते घर व मागची आलुबुखाराची झाडे धाकटा भाऊ मिलिसाव याला जायची होती. परंतु चार वर्षांपूर्वी घराण्याच्या सणाला, संत निकोलाच्या दिवशी, त्याच्याकडे जेवताना मी मासा जरा खारट झाला आहे म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने, झिवानाने, फेसबुकवर लिहिले : “काही लोक फुकटचं गिळतात आणि वर नावं ठेवतात. कोण ते सांगत नाही. ज्याचं त्याला कळेल.”

मला कळले. तेव्हापासून मी त्या घराची पायरी चढले नाही. या सणाचे आमंत्रण आमच्यात कोणी देत नाही, आपणहून जायचे असते. तरी रुसलेल्या बहिणीला भाऊ बोलावील म्हणून मी दर वर्षी वाट पाहिली. सबब घर चर्चला.

इथवर वाचून दाखवले तेव्हा कोसारा म्हणाली, “विदा, अगं ते मला होतं. मी तिच्या वाइनला नाक मुरडलं होतं. मीही तेव्हापासून जात नाही.”

“तुला कशाला? मलाच होतं ते.”

“पलीकडचा रादोये म्हणतो, त्याला होतं.”

“मग सणाला त्यांच्याकडे जातं कोण?”

“कोणी नाही. गेल्या वर्षी मिलिसाव पानं मांडून अंधार पडेपर्यंत फाटकाशी उभा होता.”

कोसाराला त्यानेच पढवून पाठवले असेल, असा माझा दाट संशय आहे. पण भाऊ फाटकाशी उभा होता हे ऐकून मला रडू आले, तेही नोंदवते.

कलम तीन. चर्चचे रद्द. घर मिलिसावचेच. उद्या सण आहे, मी जाणार आहे. ते कोणाला लिहिले होते, हे झिवानाला विचारीन. “तुम्हालाच” असे तोंडावर म्हणाली तरी घर त्यांचेच राहील. वाटेत माझे मन फिरेल अशी मला माझीच शंका आहे, म्हणून सही आजच करते.

विदोसावा
वाल्येवो, १८ डिसेंबर

साक्षीदार : कोसारा. रादोये (कुंपणावरून हाक मारून बोलावला).
दोघेही म्हणतात, उद्या आम्हीही येतो, पण आधी तू आत जा.